छत्री नसलेला माणूस

मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात अळमी, म्हणजे पावसाळ्यातली रानटी अळंबी, घ्यायला गेले होते. अळमीवालीने भाव सांगितला, मी तिच्याकडे बघून नुसतं हसले आणि परत फिरले. पन्नास पावलांवर जुनी भांडी, मोडकी घड्याळं, चिनी मातीच्या बश्या घेऊन बसणारा एकजण आहे, त्याच्याकडून बाराशे रुपयांना एक चित्र विकत घेऊन घरी आले. अळमी महाग वाटली आणि चित्र स्वस्त वाटलं, हे गणित माझ्या नवऱ्याला अजून समजलेलं नाही.

विकणारा माझ्या ओळखीचा, कारण त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. तो म्हणाला, "बाय, हें पोर्तुगेजांच्या काळांतलें." त्याच्याकडचं सगळंच पोर्तुगीजांच्या काळातलं असतं, प्लास्टिकची बादलीसुद्धा. मी हसले तशी त्याने चित्र उलटं केलं. मागच्या फळीला पोर्तुगीज वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. मग परत सुलटं करून त्याने खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे देवनागरीत एक 'द' होता. शिरोरेघ चांगली बोटभर लांब ओढलेली, बाकी सगळा काजळीचा थर. "दलाल," तो म्हणाला. "दिवाळी अंकवालो."

आता हे त्याने कुठून ऐकलं होतं देव जाणे, पण माझ्यापुढे ते नाव टाकणं म्हणजे मांजरापुढे बांगडा टाकण्यासारखं होतं. माझ्या वडिलांच्या कपाटात दलालांच्या 'दीपावली'चे जुने अंक होते. आम्ही भावंडं मुखपृष्ठावरच्या बाईचे डोळे पेन्सिलीने गिरवायचो आणि मार खायचो. दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे, जन्म १९१६ चा, हे वडील दर दिवाळीला सांगत. जणू दलालांच्या जन्मात त्यांचाही काही हात होता. मी घासाघीस न करता पैसे दिले. माझ्या आयुष्यात असं दोनदाच झालंय.

चित्र साधारण दोन फूट बाय दीड फूट, हार्डबोर्डवर तैलरंगात. नदी, नदीत एक फेरीबोट, पलीकडे माडांची रांग. अलीकडे धक्क्यावर पावसात उभी असलेली माणसं, पंधरा-सोळा. जवळजवळ सगळ्यांच्या हातात छत्र्या. एकेक छत्री म्हणजे ब्रशचा एकच फटकारा, पण प्रत्येकीखालचा माणूस वेगळा. एक बाई कासोट्याची, एक पाद्री, एक पोरगं आईच्या पदराखाली. आणि या सगळ्यांच्या डावीकडे जरा सुटा उभा एक माणूस. त्याची मूठ छातीशी आवळलेली, कोपर दुमडलेलं, आणि मुठीत काहीच नाही. तो पावसात तसाच उभा.

या माणसाने मला फार छळलं. मुलगा पुण्याला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं की तो फेरीबोटवाल्याला हात करतोय. नवरा म्हणाला, छातीत कळ आली असेल. (औषधाच्या दुकानदाराचा नवरा. दुसरं काय सुचणार.) मुलाने मग चित्राचा फोटो गूगल लेन्सला दाखवला. लेन्सने उत्तर दिलं: केरळचे बॅकवॉटर, हाउसबोट पॅकेज तीन रात्री.

पहिले दोन-तीन आठवडे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला चित्र दाखवलं आणि प्रत्येकाने एकेक नाव दिलं. आमच्या बार्देश तालुक्यात हे फारच सोपं आहे. साळगावच्या माणसाला विचारलंत तर कुठलंही चित्र सूझाचं निघतं, कारण फ्रान्सिस न्यूटन सूझा तिथे १९२४ साली जन्मला. एका गिऱ्हाइकाने तर गायतोंडे असतील का म्हणून विचारलं. वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २०२१ साली जवळपास ४० कोटींना गेलं ही बातमी त्याने वाचली होती. मी म्हटलं, बाबा रे, सुरुवातीची वर्षं सोडली तर गायतोंडे माणसं काढत नव्हते आणि पाद्री तर मुळीच नाही. तो हिरमुसला, त्याने डोकेदुखीची गोळी घेतली आणि गेला.

पण या निमित्ताने मी एक केलं. शेजारच्या बाईला दुकानात बसवून दोन दुपारी पणजीला गेले. फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या घरात आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. हे सांग्याचे, १८७० चे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे. त्यांची मुलगी आंजेला, तिचीही चित्रं तिथेच. दुसऱ्या दुपारी पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आंजेलो द फोन्सेकांची चित्रं बघितली. नऊवारीसारख्या साडीतली मेरी काढणारा हा गोव्यातल्याच जुवे गावचा माणूस, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि नंतर पुण्याला आश्रमात राहिला. माझ्या चित्राशी या दोघांचा काडीचा संबंध नव्हता. पण चांगली चित्रं सलग दोन दिवस बघितल्यावर घरी येऊन आपलं बघितलं की डोळा सुधारतो. मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की हे दलालांचं नाही. दलालांच्या चित्रात रेषा बोलते. इथे रेषा नव्हतीच, सगळे फटकारे होते. तरी मन ऐकत नव्हतं. दलाल तरुणपणी काय काय करत असतील, आपल्याला काय ठाऊक?

मग मागची बाजू. वर्तमानपत्र 'ओ हेराल्दो' होतं. तारखेचा तुकडा नेमका फाटलेला. पोर्तुगीज दिसलं म्हणजे गोवा मुक्तीच्या आधीचं, असंच मी धरून चालले होते. माझ्याकडे एक वयस्क बाई मधुमेहाच्या औषधांसाठी येतात, लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या हायस्कुलात शिकलेल्या, अजून आकडे पोर्तुगीजमध्ये मोजतात. त्यांच्यासाठी मी तो कागद पायरीवर, उजेडात धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्याच मिनिटाला माझी इमारत पाडली. "ओ हेराल्दो पोर्तुगीजमध्येच होता गो, १९८३ पर्यंत. मग इंग्लिश झाला." म्हणजे १९६१ च्या डिसेंबरनंतरही बावीस वर्षं गोव्यात रोज पोर्तुगीज वर्तमानपत्र छापलं जात होतं. मी जन्माने गोंयकार, मला हे माहीत नव्हतं. लाज वाटली.

बाईंनी खाली एक जाहिरातही वाचून दाखवली, शिवणयंत्र विकायची, आणि किंमत रुपये आणि पैशांत होती. पैसे! पोर्तुगीज अमलात शेवटची दोन-तीन वर्षं एस्कुदो होते आणि त्याच्याआधी रुपिया नि तांगा. पैसे आले ते भारताबरोबर. म्हणजे कागद मुक्तीनंतरचा आणि १९८३ च्या आधीचा. दलाल वारले १९७१ च्या जानेवारीत. मी बोटांवर मोजलं. नऊ वर्षांची फट अजून शिल्लक होती, आणि मी त्या फटीत बसून राहिले.

दुकानात गल्ल्यापाशी नोटा तपासायचा निळा दिवा आहे. पाचशेच्या नोटेसाठी घेतलेला. जुन्या चित्रांवरही असाच जांभळा-निळा प्रकाश टाकून बघतात असं कुठेतरी वाचलं होतं. एका रात्री शटर अर्धं ओढलं, दिवे घालवले आणि चित्र काउंटरवर आडवं घातलं. रस्त्यावरून जाणाऱ्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, वाकून आत बघितलं आणि सायकलचा भोंपू न वाजवताच निघून गेला. काय समजला असेल कोण जाणे.

आकाश आणि पाणी पिवळट-हिरवं चमकायला लागलं. त्या चमकत्या नदीच्या कडेला सगळी माणसं, छत्र्यांसकट, काळी ठिक्कर. नुसत्या सावल्या.

याचं कारण मला चित्रकलेतून नाही, माझ्याच धंद्यातून कळलं. जस्ताचा पांढरा, म्हणजे झिंक ऑक्साइड, आपल्या कॅलामाइन लोशनमधला, या दिव्याखाली पिवळट-हिरवा उजळतो. टायटॅनियम डायऑक्साइड, जो गोळ्यांच्या पांढऱ्या आवरणात असतो, तो प्रकाश गिळून काळा दिसतो. म्हणजे आकाश एका पांढऱ्याने रंगवलेलं आणि माणसं दुसऱ्या. मी त्याचा अर्थ लावला तो असा, की कुणीतरी मागाहून चित्रावर हात फिरवलाय. मूळ चित्र रिकाम्या नदीचं. माणसं नंतरची, दुसऱ्या कुणाची तरी. आणि त्या सुट्या माणसाची मूठ रिकामी, कारण ज्याने भर घातली त्याला काढता येत नव्हतं! फारच वाईट वाटलं. चित्र मी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून दिलं, तोंड भिंतीकडे करून.

एक गोष्ट त्या दिव्याखाली दिसली होती, पण तेव्हा मी तिच्यावरून घसरून गेले. 'द'ची लांब शिरोरेघ शेवटाकडे पाण्याच्या एका फटकाऱ्याखाली गेली होती. सही पाण्याखाली. सही कुणी आधी करतं का?

गणपतीच्या साफसफाईत चित्र परत हातात आलं. सासूबाईंनी ओल्या फडक्याने पुसायला घेतलं होतं, मी वेळेवर ओरडले. लोक बटाट्याची फोड फिरवा म्हणतात, कांदा म्हणतात, साबण म्हणतात. यातलं काहीही करू नका. मी मुलाच्या मैत्रिणीला विचारलं, ती संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं शिकते. तिने जे सांगितलं त्यावर माझा आधी विश्वास बसला नाही: थुंकी. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओलसर करायचा, नखाएवढ्या जागेवर हलकेच फिरवायचा, काळा झाला की टाकून द्यायचा. थुंकीतली विकरं धूर-तेलाचा थर सोडवतात आणि रंगाला धक्का लावत नाहीत. बोळ्यावर रंग आला तर तिथेच थांबायचं. पाच रात्री मी कापूस चोखत बसले होते. नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

पाचव्या रात्री मी फेरीबोटीच्या मागे पोचले. तिथे आतापर्यंत मला जे माडांचे खुंट वाटत होते, त्यांच्यावरची काजळी निघाली. ते करडे होते. सरळ होते. सारख्या अंतरावर होते. त्यांच्या माथ्यावर एक आडवी पट्टी होती, आणि ती पट्टी मध्येच संपत होती. पुढे नुसतं पाणी, मग पलीकडे पुन्हा खांब.

मी हातातली काडी खाली ठेवली. पोटात खड्डा पडला.

पाच जुलै १९८६. शनिवार होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, पणजीला. आमचं घर तेव्हा नदीपलीकडे, बेतीला. मांडवीवरचा नेहरू पूल त्या दिवशी कोसळला. पुढची सहा वर्षं, १९९२ ला नवा पूल झाला तोपर्यंत, आमचं सगळं आयुष्य फेरीबोटीच्या रांगेत गेलं. परीक्षेला जाताना रांग, लग्नाला जाताना शालू वर धरून रांग. माझा साखरपुडा वीस मिनिटं उशिरा झाला, कारण मुलाकडची माणसं धक्क्यावर अडकली होती. पणजीच्या धक्क्यावर उभं राहून पूर्वेकडे बघितलं की तो तुटलेला पूल दिसायचा, आणि सकाळी त्याच्या मागून उजेड यायचा. चित्रात उजेड पुलाच्या मागूनच येतो. सकाळ आहे. आठ-साडेआठ. कदाचित मी त्या रांगेत असेन. माझ्याकडे तेव्हा निळी छत्री होती, काडी मोडलेली. मी भिंग घेऊन शोधली. निळी छत्री चित्रात नाही.

नवऱ्याला उठवलं. तो डोळे चोळत आला, त्याने बघितलं आणि झोपेतच म्हणाला, "हो मोडिल्लो पूल न्हय?" आणि तो माझ्याशेजारी बसून राहिला, बराच वेळ.

तर दलाल संपले. वारल्यावर पंधरा वर्षांनी त्यांनी हे चित्र काढलं नसणार. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुःख झालं.

आता कोडं वेगळंच उभं राहिलं. चित्र १९८६ नंतरचं, पण मागचं वर्तमानपत्र १९८३ च्या आधीचं. हे सोडवलं आमच्या म्हापशातल्याच फ्रेमवाल्याने, दोन मिनिटांत, बिडी विझवून. चौकट सागवानाची आणि जुनी. तिच्या आतल्या खाचेत खिळ्यांच्या भोकांच्या दोन ओळी होत्या, एक गंजलेली, एक बऱ्यापैकी नवी. चित्र चौकटीपेक्षा किंचित लहान, म्हणून वरच्या बाजूला लाकडाची पट्टी भरलेली. आधी या चौकटीत दुसरं काहीतरी होतं, बहुतेक एखाद्या सांताचं चित्र, आणि कागद लावलेली फळी त्याचीच. कुणीतरी जुनी चौकट फळीसकट घेतली आणि हे चित्र आत बसवलं. मागचा कागद चित्राचं वय सांगत नाही, फळीचं सांगतो.

मग त्याने हार्डबोर्ड हातात धरून उलटासुलटा केला. "हें उरफाटें रंगयलां," तो म्हणाला. हार्डबोर्डची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसऱ्या बाजूवर जाळीचा ठसा असतो. पाट्या रंगवणारे गुळगुळीत बाजू घेतात. या माणसाने जाळीची बाजू घेतली होती. "कॅनव्हास परवडत नसलं की असं करतात. नाहीतर ज्याला कापडावर रंगवायची सवय आहे तो करतो." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, गुळगुळीत बाजू बघा तिरप्या उजेडात, तिथे काहीतरी होतं.

घरी येऊन टॉर्च बोर्डाला अगदी टेकवून, आडवी धरली. मागच्या बाजूला वरवर चॉकलेटी रंगाचा एक हात मारलेला. त्या रंगाखाली अक्षरांच्या कडा उठून आल्या, तेलकट इनॅमलच्या जाड कडा. "...ट्य मंड..." आणि खाली "रात्रौ १० वा." पाटी होती ती, नाट्यमंडळाची. जत्रेतल्या नाटकाची असावी. कुणीतरी नाटकाची टाकून दिलेली पाटी घेऊन, तिच्या उलट बाजूवर मांडवी रंगवली होती. आणि कापडावर रंगवायची सवय असलेला माणूस, नाटकाच्या आसपासचा, म्हणजे कोण? पडदेवाला!

जे गोव्याबाहेरून वाचताहेत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवळाची जत्रा म्हटली की मराठी नाटक ठरलेलं. गावचीच पोरं, गावचेच मास्तर, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत. त्याला लागणारे पडदे भाड्याने मिळत. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी, देऊळ, नदीकाठ. मांजरपाट जमिनीवर पसरायचा, खडूचा हात द्यायचा, पावडरचे रंग सरसात कालवायचे आणि काठीला बांधलेल्या ब्रशने उभ्याउभ्या रंगवायचं. हे सगळं मला डिचोली तालुक्यात ज्यांच्याकडे पडद्यांची जुनी गुंडाळी अजून आहे, त्या मामांनी सांगितलं. तीन रविवार आणि सात फोन खर्चून मी त्यांच्यापर्यंत पोचले होते. आता फ्लेक्सचे पडदे आलेत, त्यामुळे जुने पडदे माळ्यावर, उंदरांच्या हवाली.

मामांनी आणि त्यांच्या नातवाने अंगणात एकेक पडदा उलगडला. राजवाड्यावर काही नव्हतं. जंगलावर खाली उजव्या कोपऱ्यात 'द'. लांब शिरोरेघेचा. मला ओरडावंसं वाटलं, पण मी थांबले, कारण एक अक्षर म्हणजे पुरावा नव्हे. गेल्या शतकाआधीच्या शतकात मोरेली नावाचा एक इटालियन होऊन गेला, मूळचा वैद्यकी शिकलेला. त्याचं म्हणणं होतं की चित्रकार ओळखायचा तर चेहरे आणि सह्या बघू नका, कानाच्या पाळ्या आणि नखं बघा, जिथे हात सवयीने चालतो. पडद्यावर नखं कुठून आणू? मी माड बघितले. माझ्या चित्रातल्या प्रत्येक माडाला सात झावळ्या आहेत, आणि उजवीकडची सर्वांत खालची नेहमी मोडून लोंबणारी. मामांना म्हटलं, नदीकाठ आहे का? होता. सात झावळ्या. उजवीकडची मोडलेली. प्रत्येक माडाला. पाण्यावर मध्येमध्ये कंगव्याने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा, त्याही तशाच.

मामा म्हणाले, रंगवणारा आता नाही, पण त्याची मुलगी आहे. नाव त्यांनी सांगितलं. मी इथे लिहीत नाही, कारण मुलीने नको म्हटलंय आणि ते तिच्या हातात आहे. त्या निवृत्त शिक्षिका. मी चित्र जुन्या चादरीत गुंडाळून गाडीत घातलं आणि त्यांच्या घरी गेले. चहा झाला, चणे-खोबरं झालं, मग चादर सोडली. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चष्मा घेऊन आल्या.

घर दुरुस्त करताना माळ्यावरचं सामान भंगारवाल्याला दिलं होतं, त्यात हे गेलं. त्यांना पत्ताही नव्हता. 'द'चं मी विचारलं. वडिलांच्या नावात 'द' नव्हताच! त्या हसल्या. "तो दत्ताचा द. आमचे बाबा सांखळीच्या दत्ताचे. पडदा पसरला की पहिलं कोपऱ्यात ते काढायचे आणि मग कामाला हात लावायचे. सही त्यांनी कधी केली नाही."

म्हणून तो पाण्याखाली गेला होता. मी महिनोन्महिने ज्याला सही समजून धरून बसले होते, तो नमस्कार होता.

मग मी चाचरत निळ्या दिव्याचं सांगितलं. माणसं वेगळ्या रंगाची आहेत, मागाहून कुणी भर घातलीय का. त्या म्हणाल्या, भर कसली, माणसं काकांची. दोघे भाऊ एकत्र रंगवायचे. बाबा आकाश, पाणी, झाडं. काका माणसं, घोडे, सिंहासनाचे सिंह. बाबा पडद्यासाठी आणलेली जस्ताची पूडच जवसाच्या तेलात घोटून वापरायचे, काका पाट्या रंगवत, त्यांच्याकडे इनॅमलचा डबा असायचा. (म्हणजे टायटॅनियम.) दोघे पणजीला एका सभागृहाच्या कामाला रोज जात होते, पूल पडल्यानंतरच्या पावसाळ्यात. रांगेत उभं राहून कंटाळायचे. परत आल्यावर हे काढलं, विकायला नाही, असंच.

"आणि काका?"

"आहेत की. मागच्या खोलीत."

वय ८४. एका डोळ्याने बरं दिसतं, दुसऱ्याने फक्त उजेड. पुतणीने चित्र खिडकीशी खुर्चीवर ठेवलं. त्यांनी नाक टेकेल इतक्या जवळून, डावीकडून उजवीकडे, जवळजवळ वास घेत बघितलं. मग पहिला प्रश्न मला: कितीला घेतलं? मी सांगितलं.

"बाराशें?" ते पुतणीकडे वळले. "आमकां अख्ख्या पडद्याक इतले मेळूंक नात."

मी त्या सुट्या माणसाबद्दल विचारलं. मूठ रिकामी का? फेरीबोटीला हात करतोय? कळ आलीय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत परत गेले. छत्री राहिली, ते म्हणाले. काळा संपला होता. दुसऱ्या दिवशी डबा आणायचा होता, मग जत्रांचा हंगाम सुरू झाला, मग भावाने चौकटीत घालून टाकलं. त्या माणसाला ओळखत होता का, असं मी विचारलं, तर म्हणाले, तो मी.

मी चादरीची घडी घालायला लागले तेव्हा त्यांनी पुतणीला काळा डबा आणायला सांगितला. मी घाईघाईने म्हटलं, काका, जुन्या चित्राला आता हात लावू नये, मूळ जसं आहे तसं ठेवायचं असतं. सगळं सांगितलं, थुंकीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मूळ म्हणजे कोण?

चित्र सध्या त्यांच्याकडे आहे. पुतणी म्हणते, सकाळी उजेड चांगला असला की खिडकीशी बसतात, ब्रश अजून ओला केलेला नाही. आमच्या भिंतीवरच्या खिळ्याला मी सध्या औषध कंपनीचं कॅलेंडर अडकवलंय.